सहा महिन्यांत दोन टर्बो : वाई-पाचगणी मार्गावरच्या एका डिझेल गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी सात आसनी, २०१७ सालची, बीएस-४. दीड लिटरच्या आसपासचं चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन आणि त्याला व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे एक्झॉस्टची वाट कमी-जास्त करणाऱ्या हलत्या पात्यांचा टर्बो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. टुरिस्ट परमिट, पिवळी नंबरप्लेट. मालक वाईचा, गाडी स्वतःच चालवतो. पुण्याहून पाहुणे आणायचे, पाचगणी-महाबळेश्वर फिरवायचे, परत नेऊन सोडायचे. सीझन नसला की लग्नाची आणि देवदर्शनाची भाडी. त्याच्या संमतीनंच हे लिहितो आहे. त्याचं नाव, गाडीची कंपनी आणि आधी काम केलेली गॅरेजं मात्र गाळली आहेत. गॅरेजांनी जे केलं ते आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी तसंच झालं असतं, त्यामुळे नाव घेऊन काही साधत नाही.

या गाडीचा रस्ता समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे, पाचगणी तेराशेच्या आसपास. मधे पसरणीचा घाट. सात माणसं, वर कॅरियरला बॅगा, एसी चालू, आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सलग चढतेय. टर्बोला याहून जास्त राबवणारं काम रोजच्या वापरात क्वचितच असतं. त्यात उंचीची भर. समुद्रकिनाऱ्यावर हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो, पाचगणीत तो ८७ च्या आसपास येतो. इंजिनाला हवा तेवढीच लागते, म्हणून पातळ हवेतून ती गोळा करायला टर्बो आणखी जोरात फिरतो. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातो. तो बॉल बेअरिंगवर नव्हे, तर सैल बुशात ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर काही सेकंद तुटला तरी धातूला धातू लागतो. शाफ्टच्या एका टोकाला बाहेरची हवा आणि दुसऱ्या टोकाला सात-आठशे अंशांचा एक्झॉस्ट असतो. या टर्बोला पाण्याचं कूलिंग नाही. वंगणही ऑइलचं आणि थंडावाही ऑइलचाच.

घाट संपला की पाहुणे म्हणतात, "इथं थांबवा, फोटो काढायचाय." खाली कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी दिसतं, त्यामुळे ही मागणी ठरलेलीच. गाडी कडेला घेतली जाते, चावी बंद होते. टर्बो दिवसभरातला सर्वांत गरम असतो नेमक्या त्याच क्षणी त्याचं ऑइल थांबतं. आत अडकलेलं ऑइल तिथंच भाजून त्याचा कोळसा होतो.

अडचण

पहिला टर्बो गेला दिवाळीच्या सुट्टीत, १ लाख ३१ हजार किलोमीटरला. आधी काही दिवस बारीक शिटी ऐकू यायची. मग घाटात अँब्युलन्सच्या सायरनसारखा आवाज आला, मागं निळा धूर, आणि गाडीनं ओढणं सोडलं. जवळच्या गॅरेजमध्ये टर्बो उतरवला, पुण्याहून रिकंडिशन कोर (टर्बोचा शाफ्ट, पंखे आणि बुश असलेला मधला भाग) आणून बसवला आणि गाडी पुन्हा धंद्याला लागली. खर्च साधारण २० हजार.

दुसरा गेला एप्रिलच्या शेवटी, १ लाख ४० हजारला. तोच सायरन, तोच धूर. मे महिन्याची बुकिंगं घेतलेली होती. कोर देणाऱ्यानं वॉरंटी नाकारली. त्याचं म्हणणं, "ऑइलचा पाईप नवीन टाकल्याचं बिल दाखवा." बिल नव्हतं, कारण पाईप बदललाच नव्हता. तो कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकून परत लावला होता. मालकाला ही अट म्हणजे पैसे न देण्याची पळवाट वाटली. खरं तर ती अट अनुभवातून आलेली असते. कोर विकणाऱ्यांना चांगलंच माहीत असतं की परत येणारे बहुतेक कोर ऑइलअभावी किंवा ऑइलमधल्या कचऱ्यानं गेलेले असतात.

गाडी आमच्या गॅरेजमध्ये टो करून आली तेव्हा मालकाची मागणी एका वाक्याची होती : "दादा, चांगल्यातला कोर टाका आणि शनिवारच्या आत गाडी द्या."

गाडीचा आधीचा इतिहास

पहिल्या दिवशी आम्ही पान्याला हात लावण्याआधी जुनी बिलं मागितली. जेवढी मिळाली तेवढ्यांवरून चित्र असं दिसलं. कंपनीचं शेड्यूल दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलण्याचं. प्रत्यक्षात बदल चौदा-पंधरा हजारांना होत होता, मधे कमी झालं की टॉप-अप. हस्तपुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ग्रेडचं सिंथेटिक ऑइल सांगितलेलं. वॉरंटी संपल्यापासून गाडीत पडत होतं ते ट्रक-ट्रॅक्टरसाठी ड्रममधून सुटं मिळणारं १५डब्ल्यू-४०. "डिझेल इंजिनच आहे ना, मग डिझेल इंजिनचंच ऑइल टाकलंय," हा मालकाचा युक्तिवाद, आणि वरवर पाहिलं तर तो चुकीचाही नाही.

फरक असा पडतो. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी उतरतच असते, ऑइल काळं होणं म्हणजे बिघाड नव्हे. चांगल्या ऑइलमधली रसायनं ती काजळी सुटी-सुटी तरंगत ठेवतात, ऑइल बदललं की तीही निघून जाते. रसायनांचा दम संपला की काजळी एकत्र होऊन गाळ बनतो. गाळ आधी बसतो तो अरुंद आणि गरम जागी. या इंजिनात सर्वांत अरुंद आणि सर्वांत गरम ऑइलवाट म्हणजे टर्बोला जाणारा पाईप. त्याच्या इंजिनाकडच्या टोकाला बँजो बोल्ट, म्हणजे ऑइल आतून जाऊ देणारा पोकळ बोल्ट असतो आणि त्या बोल्टाच्या पोटात एक बारीक जाळी. ती जाळी टर्बोपर्यंत कचरा जाऊ नये म्हणून दिलेली आहे. ती तुंबली की कचऱ्यासोबत ऑइलही थांबतं.

जुनं ऑइल, हलक्या प्रतीचं ऑइल, घाटमाथ्यावर गरम इंजिन बंद करणं. यातलं कुठलं किती जबाबदार, हे नेमकं वाटून सांगता येत नाही. माझा अंदाज विचाराल तर मुख्य कारण ऑइलचं. घाटावर लगेच बंद केलेल्या पण वेळेवर ऑइल बदललेल्या गाड्याही लाख-दीड लाख पार करतात. गाळ आधीच असेल तर मात्र ती सवय महागात पडते.

पहिला निर्णय : टर्बो मेला कसा हे पाहायचं की नुसता बदलायचा

दुसऱ्या टर्बोचा निकाल ऐकल्याबरोबर मालकानं कोरची ऑर्डर द्यायला सांगितलं होतं. आम्ही एक दिवस मागितला. त्यावर प्रश्न आला : "बिघाड दिसतोय ना समोर, मग तपासायचे पैसे कसले?" आपल्या धंद्यातली ही जुनी अडचण आहे. पार्ट हातात घेऊन पाहता येतो, त्याची किंमत मान्य होते. तपासणी दिसत नाही, तिचे पैसे कुणाला द्यावेसे वाटत नाहीत. मग मेस्त्रीही तपासणी टाळून पार्ट बदलतो, कारण त्यातच त्याची मजुरी निघते. शेवटी ठरलं असं : तपासणीचे दीड हजार वेगळे लावायचे, आणि काम आमच्याकडेच केलं तर ते मजुरीत वळते करायचे.

आधी स्कॅनर लावला. पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) कमी पडतोय. टर्बो मेल्यावर हा कोड येणारच, त्यातून नवं काही कळलं नाही. स्कॅनर कोड दाखवतो, कारण दाखवत नाही. तरी हल्ली निम्मी बिलं स्कॅनरच्या प्रिंटवरच फाडली जातात, ते असो.

मग ऑइल प्रेशर. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावला. मेलेला टर्बो हवेच्या वाटेनं इंजिनात ऑइल ओततो, म्हणून टर्बोची गरम हवा निववणाऱ्या इंटरकूलरकडून येणारा होज काढून इंजिनाला जाळीतून थेट बाहेरची हवा दिली आणि थोडाच वेळ चालवलं. थंड इंजिनाला प्रेशर ठीक. गरम झाल्यावर स्लोला, म्हणजे रेस न देता, जेमतेम. रेस दिली तेव्हा खरी गंमत दिसली. रेससोबत प्रेशर वाढायला हवं आणि वाढून टिकायला हवं. इथं ते अडीच हजार आरपीएमपर्यंत वाढलं आणि त्यापुढे काटा खाली यायला लागला. पंप झिजला असता तर गरम ऑइलवर प्रेशर सगळीकडे कमी दिसलं असतं. रेस वाढल्यावर कमी होणं याचा अर्थ पंपाला खालूनच पुरेसं ऑइल मिळत नाही. चेंबरमधला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतला, स्ट्रेनर (पंपाच्या तोंडाची जाळी) तुंबल्याची ही खूण.

डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा या सगळ्या काळात एकदाही लागला नव्हता. मालकाचा सगळा भरवसा त्यावर. पण तो स्विच साधारण अर्ध्या बारच्याही खाली प्रेशर गेल्यावरच दिवा लावतो. तोवर टर्बोची उपासमार कधीच सुरू झालेली असते.

तिसरी तपासणी टर्बो उतरवल्यावर. ऑइल पाईपचं टर्बोकडचं टोक बाटलीत सोडलं, इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंजेक्टरची कनेक्शनं काढली आणि नुसता स्टार्टर मारला. थेंब-थेंब. बँजो बोल्ट काढून दुसरा, बिनजाळीचा बोल्ट तात्पुरता लावला, तेवढाच वेळ स्टार्टर मारला. धार आली, पण बारीक. पाईप कापून पाहिला तर वाकणापाशी आतून काळा कडक थर, मूळ भोकाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापलेला. हवेनं फुंकून हा थर निघत नाही. फुंकलं की पलीकडून हवा येते आणि "पाईप साफ आहे" असं वाटतं.

उतरवलेला टर्बो स्वतःही बोलतो. पंख्याच्या पात्यांची टोकं तुटलेली असती, तर बाहेरून काहीतरी आत गेलं असं म्हटलं असतं. पाती कडेनं झिजून धारदार झाली असती, तर एअर फिल्टरमधून धूळ येतेय. बुशावर खोल ओरखडे असते, तर ऑइलमध्ये कचरा. इथं शाफ्ट बेअरिंगच्या जागी निळा पडला होता. पोलाद निळं पडतं ते तापल्यानं, आणि शाफ्ट तिथं एवढा तापतो तो ऑइल न मिळाल्यानं. पहिला कोरही असाच गेला का? सांगता येत नाही, कारण तो एक्स्चेंजमध्ये परत गेला होता. सहा महिन्यांपूर्वी तो पाच मिनिटं कुणी नीट पाहिला असता तर दुसरा कदाचित वाचला असता.

समोरचे पर्याय

सगळं मालकासमोर मांडलं. आकडे त्या वेळच्या आमच्या भावाचे आहेत.

सर्वांत स्वस्त आणि झटपट : तिसरा कोर, नवा ऑइल पाईप, नवा बँजो बोल्ट, आणि फ्लशिंगचं रसायन टाकून ऑइल बदल. साधारण २२ हजार, दोन दिवस. मालकाचा कल इकडे. फ्लशिंगला माझा विरोध होता. थोडा मळ असलेल्या इंजिनात ते चालून जातं. इथं स्ट्रेनर आधीच तुंबलेला, शिवाय चेंबरमध्ये किती गाळ आहे ते माहीत नाही. रसायनानं तो सुटला तर मोठ्या तुकड्यांनी सुटणार आणि स्ट्रेनरवर जाऊन बसणार. मग टर्बोच नाही, क्रँकची बेअरिंगंही जायची.

दुसरा : वरचं सगळं, पण फ्लशिंगऐवजी चेंबर उतरवून स्ट्रेनर आणि पंप पाहायचा, इंटरकूलर खोलून धुवायचा. ३५ ते ४० हजार, पाच-सहा दिवस. पहिला शनिवार हातचा जाणार.

तिसरा : इंजिन पूर्ण खोलून ओव्हरहॉल. लाखाच्या आसपास आणि दोन-तीन आठवडे. दुसऱ्या एका मेस्त्रीनं मालकाला फोनवर हाच सल्ला दिला होता : "ऑइल प्रेशर कमी म्हणजे इंजिन संपलं." त्याचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. म्हणून आम्ही दोन गोष्टी तपासल्या. चालत्या इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून पाहिलं, ब्रीदर पाहिला : ब्लो-बाय (रिंगांच्या फटीतून खाली निसटणारा वायू) वयाच्या मानानं बेताचा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ. रिंगा आणि लायनर ठीक असताना नुसत्या स्ट्रेनरपायी इंजिन खोलणं मला पटेना.

नवा कंपनीचा टर्बो हाही विषय निघाला. किंमत पन्नास हजारांच्या वर. वाट तुंबलेली असताना नवा टर्बोही तसाच मेला असता आणि वाट मोकळी असेल तर चांगला बॅलन्स केलेला कोर पुरतो. तो पर्याय तिथंच मिटला. गाडी विकून टाकण्याचं मालकाच्या भावानं सुचवलं होतं, पण कर्जाचे हप्ते बाकी होते आणि बंद टर्बोच्या गाडीला कोण भाव देणार.

दुसरा निर्णय : शनिवार सोडायचा का

खरा पेच पैशांचा नव्हता. पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायात पंधरा-सोळा हजारांचा फरक होता, तो मालकानं सोसला असता. पेच होता मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारचा. पुण्याची दोन कुटुंबं, त्यांचा अॅडव्हान्स घेतलेला, आणि शब्द मोडला तर पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक गेलं. त्याच्या जागी बसून पाहिलं तर "आत्ता चालू करून द्या, पावसाळ्यात बघू" हे म्हणणं वेडेपणाचं अजिबात नाही.

आम्ही त्याला कापलेला पाईप आणि गेजचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. काटा खाली येताना त्यानं दोनदा पाहिला. मग स्वतःच विचारलं, "घाटात बंद पडली तर?" घाटात बंद पडण्यापेक्षा वाईट काय होऊ शकतं तेही सांगितलं. इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल चढावर एकदम इंजिनात ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण डिझेल बंद झालं तरी ऑइल मिळतच असतं. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन मारायचं, नाहीतर हवेची वाट कोंडायची. सात माणसं आत असताना घाटात हे सुचणार कुणाला?

त्यानं मित्राची गाडी त्या दोन भाड्यांना लावून दिली. कमाई मित्राला, गिऱ्हाईक राखलं. दुसरा पर्याय ठरला.

केलेलं काम

चेंबर उतरवलं. तळाशी बोटभर काळा गाळ आणि स्ट्रेनरची जाळी दोन-तृतीयांश बंद. त्यात गाळाव्यतिरिक्त आणखी एक वस्तू सापडली : सिलिकॉन सीलंटचे रबरासारखे दोरे. कधीतरी चेंबर किंवा दुसरं कव्हर चिकटवताना कुणीतरी सीलंट सढळ हातानं लावलं होतं. बाहेर जेवढं दाबून निघतं तेवढंच आतही निघतं, आणि आतलं पुसायला कुणी जात नाही. सीलंटची बारीक रेघ पुरते, हे नव्या पोरांना दर वेळी सांगावं लागतं.

पंप खोलला, झीज मर्यादेत होती. स्ट्रेनर धुवून पुन्हा लावण्यासारखा होता, पण नवा महाग नसल्यानं नवाच लावला. चेंबर खाली आलेलंच होतं, म्हणून कनेक्टिंग रॉडची एक कॅप उघडून बेअरिंग पाहायची का, यावर आमच्यातच वाद झाला. उघडलं की बोल्ट नवे लागतात, काम वाढतं. पण प्रेशर कमी असताना ही गाडी सहा-सात महिने तरी घाट चढत होती. पंपापासून सर्वांत लांबची एक कॅप उघडली. बेअरिंगवर बारीक रेघा, खालच्या थराचं तांबं मात्र कुठं दिसत नव्हतं. तेवढी जोडी बदलली, बोल्ट नवे टाकले, बाकीच्यांना हात लावला नाही.

इंटरकूलर काढून उपडा केला तर पेलाभर ऑइल निघालं. पहिल्या वेळी तो खोललाच नव्हता, त्यामुळे त्यात दोन्ही टर्बोंचं ऑइल होतं. डिझेलनं आणि मग सॉल्व्हंटनं धुवून, पूर्ण वाळवून लावला. वाळवणं महत्त्वाचं, कारण आत राहिलेलं डिझेलही इंजिन तेवढ्याच आनंदानं पिऊन पळतं. होजपाईप आतून पुसले, एक मऊ पडलेला होज बदलला, क्लिपा नव्या. एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं, तेही दुरुस्त केलं.

कोर घेताना बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागून घेतला. व्हेरिएबल जॉमेट्रीच्या पात्यांचा स्टॉपर स्क्रू फॅक्टरीत सेट केलेला असतो. काही जण "पिकअप वाढवतो" म्हणून तो फिरवतात. आम्ही त्याला शिवलो नाही. पाती काजळीनं जड झाली होती, तेवढी मोकळी केली. ऑइलच्या दोन्ही फ्लँजना नवी पॅकिंग, सीलंट अजिबात नाही. ऑइल परत चेंबरला नेणारा पाईपही नवा. हा पाईप जाड असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण टर्बोतलं ऑइल केवळ स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. ही वाट अडली किंवा इंजिनातला दाब वाढला की ऑइल सीलवाटे पंख्याकडे येतं आणि चांगल्या टर्बोला लोक "सील गेलं" म्हणून बदलतात.

सुरू करण्याआधी टर्बोच्या ऑइल येण्याच्या भोकातून ताजं ऑइल ओतून शाफ्ट हातानं फिरवला. मग इंजेक्टरची कनेक्शनं काढूनच स्टार्टर मारला, थांबत-थांबत, परतीच्या पाईपातून ऑइल दिसेपर्यंत. त्यानंतर इंजिन चालू करून दहा मिनिटं नुसतं स्लोला, रेस अजिबात नाही. गेज लावलेलाच होता : गरम इंजिनाला स्लोचं प्रेशर वर आलं होतं आणि रेस दिल्यावर काटा चढून टिकत होता.

ऑइल हस्तपुस्तिकेतल्या ग्रेडचंच टाकलं. पहिला बदल हजार किलोमीटरला ठरवला, पुढचा तीन हजारांनी, कारण नवं ऑइल उरलासुरला गाळ सोडवत राहणार. दोन्ही वेळी फिल्टर कापून पाहायचं ठरलं.

निकाल

गाडी सातव्या दिवशी गेली. एकूण बिल ३९ हजारांच्या आसपास, तपासणीचे दीड हजार त्यातच वळते. तिसऱ्याच दिवशी फोन : "पुन्हा धूर!" मालकाचा आवाज पार गेलेला. सायलेन्सरमध्ये आधीच्या दोन टर्बोंचं ऑइल साठलेलं होतं, ते जळत होतं. हे आम्ही गाडी देताना तोंडी सांगितलं होतं, पण बिल, हप्ता, बुकिंग या गडबडीत ते कुणाच्या डोक्यात राहणार. दोन-तीनशे किलोमीटरनंतर धूर थांबला.

हजार किलोमीटरचा फिल्टर कापला तेव्हा घड्यांमध्ये काळे कण भरपूर होते, चमकणारा धातू नव्हता. तीन हजारांच्या फिल्टरमध्ये कण मोजकेच. तेव्हाही प्रेशर पुन्हा मोजलं, टिकून होतं. त्यानंतर एक दिवाळी आणि एक मे महिना गाडीनं काढला. टर्बो चांगला आहे, दोन बदलांच्या मधे टॉप-अप लागत नाही. पिकअप मात्र नव्या गाडीसारखं आलं नाही, आणि मालकाची तशी अपेक्षा होती. ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांत हवा नेणारी वाट) काजळीनं भरलेले आहेत. ते काम त्यानं पावसाळ्यावर ढकललं आहे.

ऑइल आता तो साडेसात हजारांना बदलतो. सतत घाट आणि सतत भार असलेल्या गाडीला दहा हजारांचं शेड्यूल लांब पडतं, हा आमचा सल्ला त्यानं मानला. घाटमाथ्याची सवय अर्धीच सुटली आहे. एकटा असला की मिनिटभर इंजिन स्लोला ठेवतो. पाहुणे असले की ते म्हणतात, "काका, गाडी बंद करा, डिझेल जातंय."

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या बिघाडाच्या वेळी जुना कोर एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्याचे चार फोटो काढता आले असते : पात्यांचे, शाफ्टचे, बुशाचे आणि ऑइल येण्याच्या भोकाचे. खर्च शून्य. गाडीमालकांनीही ते मागावेत.

ऑइल पाईप आणि बँजो बोल्ट टर्बोसोबतच बदलायचा, तो वेगळा ऐच्छिक खर्च समजायचा नाही. पहिल्या वेळी हे तीन-साडेतीन हजार वाचवण्यात दुसऱ्या कोरचा खर्च ओढवला. तरी केवळ पाईप बदलून भागलं असतं का, याविषयी मला शंकाच आहे. स्ट्रेनर तसाच राहिला असता, कोर सहा महिन्यांऐवजी वर्षभर चालला असता एवढंच. उलट वॉरंटीपुरती पाईपची पावती मिळाल्यामुळे खरं कारण आणखी उशिरा सापडलं असतं.

बाकीची बेअरिंगं न उघडण्याचा आमचा निर्णय आज बरोबर वाटतो, पण तो एका बेअरिंगवरून बांधलेला अंदाज होता. मालकाकडे वेळ आणि पैसा असता तर मी चारही पाहिली असती. ऑइलचा नमुना लॅबला पाठवणं हाही मार्ग होता. धातूचे कण किती आणि कुठले, त्यावरून झिजतंय काय ते कळलं असतं. सीझन तोंडावर असताना रिपोर्टची वाट पाहायला कुणी तयार नव्हतं.

धुराबद्दल आता आम्ही बिलावरच लिहून देतो : किती किलोमीटर धूर राहू शकतो, कुठल्या रंगाचा चालेल आणि कुठला दिसला तर गाडी लगेच थांबवायची.

घाटमाथ्याच्या फोटोवरही एक तोडगा निघाला, आणि तो मालकानंच काढला. थांबायची जागा त्यानं पुढे नेली. घाट संपल्यावर रस्ता बराच सपाट आहे, तिथं एक-दोन किलोमीटर हलक्या पायानं गाडी चालवली की टर्बो आपोआप निवतो, वेगळं स्लोला ठेवायची गरज पडत नाही. पाहुण्यांना तो सांगतो की पुढच्या वळणावरून धोमचं पाणी जास्त चांगलं दिसतं.